पाणी तोडायचे दिवस

संत्र्याच्या झाडाचे लाड केले की ते माजतं, हे मला माझ्या सासूनं सांगितलं आणि सासूला तिच्या सासूनं. पाणी पाजत राहा, खत घालत राहा, झाड हिरवंगार दिसेल, येणारा-जाणारा वा वा म्हणेल, आणि फूल एक धरणार नाही. बहार हवा असेल तर आधी पाणी तोडावं लागतं. आमच्या मोर्शीकडे याला ताण देणं म्हणतात. डिसेंबर लागला की मोटर बंद. जमीन आमच्यासारखी भारी काळी असेल तर चांगला दीड महिना बंद. पानं सुकतात, पिवळी पडतात, गळतात. परक्या माणसालाही बघवणार नाही असं झाड दिसतं. तेव्हा मन घट्ट करून बांधावरून परत फिरायचं. जानेवारीच्या मध्यात पाणी सोडलं की पंधरा-वीस दिवसांत बगिचा पांढरा होतो आणि त्याचा वास गावातल्या मारुतीपर्यंत जातो.

हे शास्त्र आहे, यात दयामाया नाही. नवरा फौजेत, सासरे लवकर गेले, साडेतीनशे झाडं माझ्या गळ्यात पडली आणि मी ती पंचवीस वर्षं सांभाळली. एक बहार चुकवला नाही. माझा मुलगा कुलदीप अकोल्याला शेतीचं शिकतो. तो मला फोनवर ताण कसा द्यायचा ते सांगतो, तेव्हा मी म्हणते, बाप्पा, तुला चालायला मी शिकवलं, झाडाचं तू मला नको शिकवू.

बहार चुकवायला माझा नवरा रिटायर होऊन घरी यावा लागला.

सुभेदार भगवंत. सगळं गाव त्यांना सुभेदार म्हणतं, मीही म्हणते, कारण अठ्ठावीस वर्षांत नवरा म्हणायची सवय लागायला माणूस घरी होता कुठे. तीन वर्षांपूर्वी ते आले तेव्हा गावानं उघड्या जीपमधून मिरवणूक काढली, डीजे लावला, चौकात फ्लेक्स लावला. फ्लेक्सवर निळ्या टोपीतला त्यांचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात ‘शांतिदूत’. त्याच्या पाचेक वर्षं आधी ते आफ्रिकेतल्या एका देशात शांतिसेनेत होते ना, वर्षभर. देशाचं नाव मी घेत नाही. मला स्वतःला ते नीट म्हणायला सहा महिने लागले, आणि तुम्हाला सांगितलं तरी तुम्ही हं म्हणून पुढे जाल.

शाळेत सत्कार झाला. शाल, नारळ, मग माइक हातात दिला. सुभेदार उभे राहिले आणि म्हणाले, "आमी तिथं काईच केलं नाई." एवढंच बोलून खाली बसले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. केवढा मोठा माणूस, म्हणाले, आणि केवढी नम्रता. मीही टाळ्या वाजवल्या. तो फ्लेक्स नंतर मी घरी आणला आणि कुटारावर, म्हणजे गुरांच्या भुशावर, झाकायला घेतला. पावसाळाभर सुभेदार निळ्या टोपीत कुटार राखत बसले, असं मी हसून सगळ्यांना सांगायची.

त्याच वर्षी डिसेंबरात मी मोटर बंद केली आणि पाचव्या दिवशी पाहते तर दांडाला, म्हणजे ओळींमधल्या पाटाला, पाणी. मला वाटलं गडी चुकला. गडी म्हणाला, मी नाही, सुभेदार. मी विचारलं तर सुभेदार म्हणाले, "तहानले हायेत ते." जणू घरात पाहुणे आले होते! मी समजावलं, ओरडले, रडलेसुद्धा. ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि मी कुठे गेले की मोटर चालू करायचे. त्या वर्षी चार झाडांना चुकून फूल आलं. पुढच्या वर्षी तेही नाही. एरवी माणूस गायीसारखा गरीब. शब्दाला शब्द नाही, दारू नाही, स्वतःचं ताट स्वतः घासतात. फक्त पाणी तोडू देत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात तिसरं वर्ष. आमचे शेजारी खुशालराव, त्यांचा आणि आमचा बांध एक, ते बांधावर उभे राहून म्हणाले, "वैनी, तीन वर्सं बहार नाई धरला तं झाड वायाच जाते. आता सुभेदाराले समजवा, नाई तं बगिचा तोडा अन् गहू पेरा." बगिचा तोडा म्हणे. ती झाडं मी लहान पोरासारखी वाढवलेली. मी मोटरच्या पेटीला कुलूप ठोकलं आणि किल्ली मंगळसूत्राच्या पिनेत अडकवली. म्हटलं, आता घ्या पाणी.

तर त्यांनी गावच्या नळावरून वीस-वीस लिटरच्या दोन कॅन भरल्या, स्कूटरला लावल्या आणि सकाळपासून फेऱ्या सुरू. गावाला करमणूक झाली. कोणी म्हणे, सुभेदार झाडायले चहा पाजून राहिले. खुशालराव म्हणाले, "अर्धं पोट पाजलेलं झाड ना घर का ना घाट का." साडेतीनशे झाडांना कॅननं काय पुरणार? पण ते रोज जायचे, आणि रोज तारेच्या कुंपणाजवळच्या ओळीपासून सुरुवात करायचे. मी रागानं बोलणं बंद केलं. त्यांना ते कळलंही नसेल.

ताणाचा बाविसावा दिवस होता. मी त्यांची भाकर घेऊन शेतात गेले, कारण बोलणं बंद असलं तरी माणूस उपाशी ठेवता येत नाही. ते तारेजवळ उभे होते, हातात कॅन, पाठ माझ्याकडे. मला वाटलं कोणाशी बोलताहेत. जवळ गेले. ते झाडांना सांगत होते, हिंदीत, अगदी प्रेमानं: "लाइन में आओ. धक्का नहीं. सबको मिलेगा."

माझा राग तिथंच सरला आणि भीती वाटली. खरंच भीती. भाकर बांधावर ठेवून मी परत फिरले.

मला एकच माणूस माहीत होता. धर्मपाल, बार्शीटाकळीचा. तो त्यांच्याच पलटणीत होता, त्या देशातही बरोबर होता, पाण्याचा टँकर चालवायचा. दरवर्षी डिसेंबरात एका ठरावीक दिवशी त्याचा फोन येतो. दोघं दोन मिनिटं बोलतात, बहुतेक वेळ गप्पच असतात, आणि त्या दिवशी सुभेदार जेवत नाहीत. मी विचारलं की म्हणतात, "जुना दोस्त हाये." झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हटलं, आता मूठ उघडू.

कुलदीपला डबा नेऊन देते असं सांगून मी पहाटेच्या एसटीनं निघाले. मोर्शी, अमरावती, अमरावतीहून अकोला. कुलदीपला डबा खरंच दिला, कारण खोटं बोलायचं तर निदान अर्धं खरं असावं. मग बार्शीटाकळीची गाडी धरली. दुपारी बारा वाजता मी धर्मपालच्या दारात उभी होते.

अंगणात भिंतीला लागून पाण्याची सात पिंपं ओळीनं लावलेली, सगळी काठोकाठ. धर्मपालची बायको केशरबाई म्हणाली, "नळाले पाचव्या दिवशी पानी येते, तरी इतले कोन भरते? पन ह्यायले एकबी पिंप रिकामं पाह्यवत नाई." धर्मपाल हसला. तो आता शाळेची व्हॅन चालवतो. पोट सुटलंय, मिशी पांढरी झाली आहे. मला पाहून त्याला आनंद झाला, आणि मी का आले ते सांगितल्यावर तो आनंद गेला.

"वैनी, सुभेदारानं तुमाले काईच नाई सांगतलं?"

"सांगितलं असतं तर पाच तास एसटीत हाडं मोडून घ्यायला मला वेड लागलंय का?"

तो खाटेवर बसला. केशरबाईनं चहाचे कप आणून दिले आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही. तिला माहीत असावं.

"आमी तिथं दोनशे जन होतो," धर्मपाल म्हणाला. "अन् तारेच्या भाईर चार हजार. चार हजार म्हंजे साहेबानं मोजले. मले तं सारं रान मानसाचंच दिसे. त्यायले मारून राहिले होते ना, वैनी. एका जातीचे लोक दुसऱ्या जातीले. यादी घेऊन फिरत. गाव लागलं का विचारत, तू कोन, अन् कापत. हे लोक पयून आले. आमचा झेंडा पाह्यला, निळ्या टोप्या पाह्यल्या, अन् तारेले पाठ लावून बसले. त्यायले वाटलं, आता वाचलो."

"मग आत का नाही घेतलं?"

"हुकूम नव्हता. गोळी चालवाचा हुकूम नव्हता, आपल्यावर चालली तरच. आत घ्याचा हुकूम नव्हता. पान्याले मनाई नव्हती, म्हून आमी पानी देल्लं. पान्याचं काम सुभेदाराकडे होतं. त्यायनं तारेतून पाइप काढला, लाइन लावली. लाइन में आओ, सबको मिलेगा. त्या लोकायले का समजते हिंदी? पन चार दिवसांत तिथले सारे लेकरं डबे वाजवत म्हनत, सबको मिलेगा, सबको मिलेगा."

मी बांधावर ऐकलेलं त्याला सांगितलं नाही. ऐकत राहिले.

"मंग वरून हुकूम आला. तारेले लोक नोको. कॅम्पले धोका हाये, चार दिवसांत तार मोकळी करा. आमचा साहेब चांगला मानूस होता, तरना पोरगा. त्यानं साऱ्या मोठ्यायले बोलावलं. मने, लाठी चालवा नाई तं धुराचे गोळे फोडा, दुसरं काई सुचत असन तं सांगा. मी टँकरच्या चाब्या द्याले गेल्तो, दारातच उभा होतो. तवा सुभेदार बोलले."

"काय बोलले?"

"साहेब, लेकरं हायेत, लाठी नोका मारू. पानी तोडा. आमच्याकडे झाडाचं पानी तोडते. हात लावा लागत नाई, कोनाले मार नाई, रगत नाई. दोन-तीन दिवसांत आपोआप हालतीन. नदी हाये पाच किलोमीटरवर. तहान लागली का नदीकडे जातीन, अन् नदीच्या पल्याड दुसरा देश. वाचतीन." धर्मपाल माझ्याकडे न बघता बोलत होता. "साऱ्यायले बेस वाटलं. मलेबी वाटलं, खोटं काहून सांगू. साहेबाच्या डोयात पानी आलं. मने, भगवंत, तुमी माह्यावर उपकार केले."

पहिल्या दिवशी लोक पाइपापाशी बसून राहिले, तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पोरांचा आवाज बंद झाला. सुभेदारांनी दोन दिवस स्वतः पाणी घेतलं नाही, जणू त्यानं कोणाची तहान भागणार होती. तिसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी उठली आणि नदीकडे चालू लागली. तिच्यामागे सगळे उठले.

"जाताना लेकरायनं आपले रिकामे डबे तारेले टांगून ठेवले, वैनी. पत्र्याचे, तेलाचे, जे असन ते. वापस येऊ तवा लागतीन म्हून."

"आणि नदीवर?"

"नदीवर ते यादीवाले बसले होते. त्यायलेबी माहीत होतं ना, तहानलेला मानूस कुठं येते."

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला.

"आवाज येत होता," धर्मपाल म्हणाला. "धूर दिसत होता. साहेबानं वर फोन लावला, मले दोन गाड्या नेऊ द्या. अकरा डाव लावला. मी मोजले. वरून जबाब, थांबा, मिटिंग चालू हाये. दुपारी जबाब आला का जे दिसते ते लिहून ठेवा. साहेबानं लिहिलं. तारखेनिशी, टाइमानिशी. पुढं त्या कागदाचं का झालं, तुमालेबी माहीत नाई, मलेबी नाई. आमाले वाटे, उद्या साऱ्या जगाच्या पेपरात येईन, जग उठून उभं राहीन. आमी रेडिओ लावून बसलो. क्रिकेट लागे."

"सुभेदार काय करत होते?"

"पाइप चालू केला. तारेवरचे सारे डबे भरले, एक-एक. सांज होईलोक भरत होते. टाकी रिकामी झाली. प्याले कोनी नव्हतं."

मला ते वर्ष आठवत होतं. मी तेव्हा रोज पेपर चाळायची, टीव्ही लावून बसायची. टीव्हीवर सोन्याचा भाव होता, कुठल्याशा सोसायटीत शिरलेला बिबट्या होता. तो देश कुठेच नव्हता. मग एका दिवशी पेपरच्या आतल्या पानावर चार ओळी सापडल्या. आफ्रिकेत हिंसाचार, शेकडो ठार झाल्याची भीती, भारतीय जवान सुखरूप. मी ‘सुखरूप’ हा शब्द दहा वेळा वाचला. त्याच्या आधीची ओळ मी वाचली होती की नाही, मला आज सांगता येत नाही. ते सुखरूप राहावेत म्हणून बहिरमबुवाला रोडग्यांचा नवस बोलले होते, तो जत्रेत जाऊन फेडला. वांग्याची भाजी आणि रोडगे, अर्ध्या गावाला जेवू घातलं. लोक म्हणतात, जग गप्प बसलं. जग कोण, तर मीच की. मी पंगतीत तूप वाढत होते.

"पण धर्मपालभाऊ," मी म्हटलं, "चूक त्यांची कशी? हुकूम वरून आला. ते तर लोकांना माराबिगर घालवायला बघत होते."

"मीबी तेच सांगतो दर साली. हुकूम होता, सुभेदार. तुमी नाई बोलले असते तं लाठीनं हाकलले असते, गेले तं नदीवरच असते. मी टँकर चालवत होतो, म्या का करावं? असं म्हनतो अन् झोपतो. ते नाई झोपत." आणि मग त्याला मला बरं वाटेल असं काहीतरी बोलावंसं वाटलं असणार. तो हलकंसं हसला. "अन् सल्ला तं तुमचाच होता ना, वैनी. आपल्या घरचाच."

"माझा?"

"फोनवर. मिटिंगच्या आदल्या सांजेले. हुकूम आला होता, सारे विचारात होते. फोनची लाइन होती, मी त्यायच्या मांगंच उभा. तुमी बोलून राहिल्या अन् ते आइकून राहिले. फोन ठेवून मले म्हनाले, आमच्या घरची बाई झाडायले हुकूम देते, लेका, अन् झाडं आइकतात."

माझ्या हातात चहाचा कप होता. तो मी खाली ठेवला, एवढं आठवतं.

तो फोन मला पाठ होता. पाठ असायचं कारण दुसरंच. त्या वर्षी आमच्याकडे नत्थुजी नावाचा गडी होता, म्हातारा, भाबडा. त्याला सुकलेली झाडं बघवेनात म्हणून त्यानं दोन झाडांना गुपचूप बादलीनं पाणी घातलं. मी संतापले होते. त्याच संध्याकाळी फोन आला आणि मी सगळं त्यांच्यावर ओतलं. मी म्हणाले होते, दया आली की बहार गेला. पानी तोडा अन् पाठ फिरवा, आपोआप हालते झाड. ते म्हणाले, "त्रास होत नसन त्याले?" आणि मी म्हणाले, "तहानेनं कोनी मरत नाई. लाठी नाई, कुऱ्हाड नाई. पानी तोडनं सगळ्यात बेस." ते थोडा वेळ गप्प राहिले. मला वाटलं लाइन गेली. मग हसले आणि म्हणाले, "बरं."

त्या वर्षीचा बहार आमच्या घरात आजवरचा सगळ्यात मोठा. फांद्यांना टेकू लावावे लागले. त्या बहाराच्या पैशावर आम्ही घरावर स्लॅब टाकला. अजून आम्ही त्या स्लॅबखाली झोपतो.

परत येताना कुठे गाडी बदलली, कोण शेजारी बसलं, काही माहीत नाही. घरी पोचले तर सुभेदारांनी भाकरी करून ठेवल्या होत्या, जाड-जाड, फौजी. "कुलदीप कसा हाये?" म्हणाले. "बरा हाये," मी म्हटलं. तीन आठवड्यांनी आम्ही बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कॅन घेऊन नळावर गेले आणि मी शेतात. त्या आठवड्यात दिवसपाळीची लाइन, म्हणजे वीज, होती. पेटीपाशी उभी राहिले. ताणाचा चोविसावा दिवस. पानं अशी सुकलेली की हात लावला तर गळावीत. अजून तीन आठवडे धीर धरला असता तर बगिचा वाचला असता, हे मला पंचवीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. पण पाणी तोडून बांधावरून परत फिरणं मला आता जमणार नव्हतं. मी मंगळसूत्राची पीन काढली, कुलूप उघडलं आणि मोटर चालू केली.

पाणी दांडाला लागलं. मला वाटत होतं, खोटं का बोलू, की ते पाणी पाहून माणसाला बरं वाटेल. एवढा बगिचा गेला, पण निदान माणूस तरी हाती लागेल. ते स्कूटरवरून उतरले, वाहतं पाणी पाहिलं, कॅन खाली ठेवल्या.

"काहून चालू केली?"

"तहानले असतीन."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग फावडं उचललं आणि पाणी तारेजवळच्या ओळीकडे वळवलं. दोन आळी भरली, तिसरं भरत आलं. पाठमोरेच म्हणाले, "बार्शीटाकळीले गेल्ती?"

"हो."

"सारं सांगतलं त्यानं?"

"सारं."

"फोनचंबी?"

मला खोटं बोलता आलं असतं. एक शब्द बोलायचा होता, नाही म्हणून. पण मी तेव्हा स्वतःच्याच दुःखात होते, आणि म्हणाले, "मी झाडाचं बोलले होते."

फावडं थांबलं.

"मले माहीत हाये," ते म्हणाले. "तू झाडाचंच बोलली. मानसाले म्या लावलं."

मग ते खाली बसले, ओल्या चिखलात, नव्या पँटनिशी. मी जवळ गेले तर हातानंच नको म्हणाले.

"चार हजारांतला एक नाई राखता आला, दीपमाला. साऱ्यायनं टोपी पाह्यली अन् भरोसा केला. एकबी नाई. म्हटलं, तुले तरी फोनचं हे कळू देनार नाई. आठ वर्सं तेवढं एक राखलं होतं." त्यांनी चिखलाचे हात पँटला पुसले. "तेबी गेलं."

मी त्यांच्याशेजारी बसले. पाणी आपल्या वाटेनं जात राहिलं, आळी भरली, वाहू लागली, पाणी खुशालरावांच्या बांधापर्यंत गेलं. खुशालराव तिकडून ओरडले, "वैनी! बहार गेला ना तुमचा!" आम्ही दोघंही उठलो नाही. मोटर लाइन जाईपर्यंत चालू राहिली.

फूल आलं नाही. मे महिन्यात बगिचा तोडला. मशीनवाल्याला एका दिवसाचंच काम होतं. सुभेदारांनी त्या दिवशीसुद्धा सकाळी उठून तारेजवळच्या ओळीला पाणी घातलं, आणि मी कॅन धरायला बरोबर गेले. आता तिथं गहू आहे. गव्हाला पाण्याच्या पाळ्या द्यायच्या असतात, तोडायचं नसतं, तेवढं बरं. ते पाळ्या चुकवत नाहीत. रात्री स्लॅबकडे बघत पडून राहतात, आणि आता मीही.

मी पेपर अजून वाचते. परवा आतल्या पानावर पुन्हा चार ओळी होत्या. देश दुसरा होता. शेकडो ठार झाल्याची भीती होती, आणि भारतीय जवान सुखरूप होते. यावेळी मी आधीची ओळ आधी वाचली. दोनदा वाचली. मग ओट्यावर सुभेदारांच्या चपलांचा आवाज आला. ते पान त्यांच्या हाती पडू नये म्हणून मी घाईघाईनं खाली पसरलं आणि त्याच्यावर मेथी निवडायला बसले.